सव्वा मिलिमीटर

लष्करात, नया बाजाराच्या मागच्या गल्लीत
तळघरातलं हे सेंटर. वर चष्म्यांचं दुकान,
खाली मी, दोन राखाडी पडदे,
आणि एक माउस, ज्याचं चाक
गेल्या दिवाळीपासून कुरकुरतंय.

राजूरकर आतून ओरडतो, "मॅडम, हलकेराम आला."
आला म्हणजे माणूस नव्हे, मालिका.
डावीकडच्या पट्टीत चार चौकोन उमटतात:
स्काउट, फुफ्फुसं, हाडं, उभा छेद.
बाण दाबला की मालिका बदलते,
चाक फिरवलं की काप.
नव्या पोरांची इथेच गल्लत होते,
घाईत बाण दाबतात
आणि फुफ्फुसातून थेट बरगडीत जाऊन पडतात.

मी चाकवाली.
एक ते दोनशे शहाऐंशी,
गळ्याच्या खाचेतून शिरायचं, खाली उतरायचं,
मग परत वर. मग परत.
उजवं डावीकडे दिसतं, डावं उजवीकडे,
त्याच्या पावलांपाशी उभं राहून
मी वर बघत असल्यासारखं;
या गावात सगळेच किल्ल्याकडे बघतात तसं.

शेवटच्या चित्रापुढे चाक फिरवलं
तर पुन्हा पहिलं यावं, अशी एक सोय आहे.
डॉक्टर मोघ्यांनी ती चालू ठेवलीय,
त्यांचे पेशंट गोल फिरत राहतात,
कमरेतून गळ्यात.
मी बंद केली.
माणूस कुठे संपला ते बोटाला कळलेलं बरं.

जुनी सीडी त्याने खताच्या पिशवीतून आणलीय.
पाच वर्षांपूर्वीची, जाड काप, जेमतेम बहात्तर.
दोन्ही शेजारी लावते, साखळीचं बटण दाबते,
एक हलली की दुसरी हलते,
पण पाऊल जुळत नाही.
तेव्हा त्याने श्वास जास्त भरला होता.
म्हणून खूण शोधायची:
श्वासनळी जिथे दोन होते ती जागा.
जुन्यात चोविसावं चित्र, नव्यात सत्त्याण्णवावं.
तिथे गाठ मारून मग वर चढते.
जुन्यात दाणे. मोहरीएवढे, बसून मोजता येतील असे.
नव्यात दाणे एकत्र झालेत,
दोन्ही बाजूंना एकेक
लिंबाएवढा.

"देख लूँ?"
तो दारात, चपला हातात घेऊन.
दाखवू नये असा नियम आहे. दाखवलं.
उजव्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही.
तीस वर्षं घाटीगावकडचा दगड
चिरत होता मशीनवर: लाद्या, पायऱ्या, उंबरे.
खुर्ची नको म्हणाला, उकिडवा बसला.

"कितने का कट है?"
सव्वा मिलिमीटर.
"हमसे तो बारा के नीचे टूट जाता था।"
आवाजात कौतुकच होतं.

चाक त्याच्या हाती दिलं.
मी एका दमात वीस काप जाते, तो एकेक गेला.
प्रत्येकाशी थांबून, तडा शोधावा तसा,
मान थोडी तिरकी.
खूप वेळ लागला. राजूरकर दोनदा डोकावला.
दोनशे शहाऐंशी. चाक अडलं.
"आगे?"
आगे नहीं है.
ठोकळा संपला, अशी मान हलवली त्याने.
मग म्हणाला, इतके काप घेतलेत,
पाणी मारलेलं दिसत नाही,
"तो बुरादा कहाँ गया?"

मी साठाव्या चित्राशी परत गेले होते.
तिथून बोलता आलं नाही.

उठला. चपला जमिनीवर टाकल्या,
टाचेने फरशी ठोकून पाहिली.
"ये अपनी तरफ की है," म्हणाला,
"पॉलिश कच्ची रह गई।"

जिन्याला बारा पायऱ्या.
तो तीनदा थांबला.
मी मोजत नव्हते,
तळघरात ऐकू येतं.